डासांमधला कीटकनाशक-प्रतिकार : प्रयोगशाळेत जनुके बदलून नेमके काय तपासले जाते?

ओवी

जनुकबदल केलेल्या डासांचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘ते मोकळ्यावर सोडायचे की नाही’ याच प्रश्नावर येऊन थांबते. तो प्रश्न गंभीर आहे आणि या धाग्यावरही तो निघेलच. परंतु जनुकबदलाचे जे काम कीटक-प्रयोगशाळांमध्ये नित्य चालते, त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाचा डास सोडण्याशी काहीही संबंध नाही. डास कीटकनाशकांना दाद का देत नाहीत, याचे कारण एकेका जनुकापर्यंत पोहोचून सिद्ध करणे, हे ते काम आहे. मी डासांची पैदास आणि कीटकनाशक-चाचण्या यांच्याशी रोज संबंध असलेली व्यक्ती आहे, आणि हिवतापाविरुद्धच्या लढ्यात जनुकबदलाची आजवरची सर्वांत मोलाची देणगी हीच आहे असे माझे ठाम मत झाले आहे. ते का झाले, हे सविस्तर मांडते.

मच्छरदाण्यांना लावले जाणारे आणि घरात रात्री लावायच्या लिक्विडमध्ये असणारे कीटकनाशक बहुतांशी एकाच कुळातले असते, ते म्हणजे पायरेथ्रॉइड. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, अल्फा-सायपरमेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही त्यातली परिचित नावे. ही द्रव्ये डासाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियम-वाहिनीला जाऊन चिकटतात. एरवी क्षणार्धात उघडून मिटणारी ही वाहिनी मग उघडीच राहते, मज्जातंतू एकसारखे संदेश पाठवत राहतात आणि डास पाय झाडत खाली कोसळतो. डीडीटीचे रसायन निराळे असले तरी त्याचा घाव याच ठिकाणी बसतो. म्हणून या वाहिनीतच बदल होऊन डीडीटीला न जुमानणारी झालेली डासांची पिढी पायरेथ्रॉइडलाही बऱ्याच अंशी पुरून उरते.

प्रतिकाराचे मार्ग अनेक आहेत. सोडियम-वाहिनीतल्या १०१४ क्रमांकाच्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअॅलानिन किंवा सेरिन आले की कीटकनाशकाची पकड सुटते; या बदलांना केडीआर म्हणतात. दुसरा मार्ग शरीरातल्या विकरांचा (एन्झाइमांचा). पी-४५० कुळातली विकरे, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज आणि एस्टरेज यांचे प्रमाण वाढवून डास विष फोडून टाकतो. काही डासांचे बाह्य कवच जाड होते, आणि पायांतले एक प्रथिन पायरेथ्रॉइडला धरून ठेवते असेही २०२० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवले.

अडचण अशी की शेतातून, गोठ्यातून किंवा घरातून पकडून आणलेल्या डासात यांतले दोन-तीन मार्ग एकाच वेळी चालू असतात. त्याच्या जनुकांची मोजणी केली तर कितीतरी जनुके नेहमीपेक्षा जास्त जोमाने काम करताना दिसतात. त्यांतले खरे कोण आणि नुसते सोबतीला असलेले कोण, हे त्या मोजणीवरून कळत नाही. संशोधनाचे अनेक निबंध वर्षानुवर्षे ‘या जनुकाचा प्रतिकाराशी संबंध दिसतो’ या वाक्यापाशी थांबत असत.

ही कोंडी जनुकबदलाने फुटली. कोणत्याही कीटकनाशकाने सहज मरणारा, केनियातल्या किसुमूहून आणलेला अॅनॉफिलीस गॅम्बी या आफ्रिकेतल्या हिवतापाच्या डासाचा एक वाण अनेक प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो. अशा निष्पाप पार्श्वभूमीत संशयित जनुक एकट्यानेच वाढवायचे आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे. लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या गटाने २०१९ मध्ये तीन जनुकांवर हे करून दाखवले. त्यासाठी यीस्टमधून घेतलेली एक दोन-भागी व्यवस्था वापरतात : एका वाणात चालक, दुसऱ्या वाणात ते जनुक, आणि दोघांचा संकर झाला तरच संततीत जनुक कामाला लागते. सीवायपी६पी३ हे पी-४५० जनुक एकट्याने वाढवले तर डास पायरेथ्रॉइड आणि कार्बामेट (बेंडियोकार्ब) या दोन वेगळ्या कुळांना पुरून उरला. जीएसटीई२ हे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजचे जनुक वाढवले तर डीडीटीला आणि फेनिट्रोथिऑन या कीटकनाशकाला. सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण सीवायपी६एम२ या दुसऱ्या पी-४५० जनुकाचे होते : पायरेथ्रॉइडपासून वाचवणारे हेच जनुक वाढलेले डास मॅलॅथिऑनने मात्र साध्या डासांपेक्षा अधिक सहज मेले. मॅलॅथिऑन मुळात सौम्य असते. शरीरातली पी-४५० विकरेच त्याचे मॅलॅऑक्सॉनमध्ये रूपांतर करतात आणि ते मॅलॅऑक्सॉन घातक असते. पायरेथ्रॉइड फोडण्यासाठी डासाने जे हत्यार वाढवले, तेच मॅलॅथिऑनच्या बाबतीत त्याच्यावर उलटते. केवळ मोजणी करून हे सिद्ध झाले नसते.

२०२१ मध्ये त्याच शहरातल्या प्रयोगशाळेत क्रिस्पर या जनुक-कात्रीच्या साहाय्याने, सहज मरणाऱ्या वाणात केवळ तो १०१४ चा एक बदल घडवण्यात आला. दुसरे काहीही न बदलता परमेथ्रिनचा प्रतिकार सुमारे ९.९ पट आणि डीडीटीचा २४ पटींहून अधिक वाढला. त्यात जीएसटीई२ ची भर घातली तेव्हा परमेथ्रिनचा प्रतिकार आणखी वाढला. १०१४ च्या बदलाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि बापाकडची) घेऊन जन्मलेल्या डासांच्या अळ्या अधिक मरतात, माद्या अंडी कमी घालतात आणि प्रौढ डास कमी जगतात, हेही त्याच प्रयोगात दिसले. प्रतिकाराची किंमत डास स्वतः मोजतो. ती नेमकी किती, हे अशा नेमक्या वाणाशिवाय मोजता येत नाही.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते, हेही सांगते, कारण या सर्व आकड्यांचा पाया तोच आहे. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या वीस-पंचवीस माद्या तोंडाने हलका श्वास ओढून काचेच्या नळीत घेतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात सोडतात. लाल ठिपक्याच्या नळकांड्यात कीटकनाशक लावलेला कागद असतो, हिरव्या ठिपक्याच्या नळकांड्यात कोरा. एक तास लाल नळकांड्यात, मग हिरव्यात, वर साखरेच्या पाण्याचा बोळा, आणि २४ तासांनी मेलेले मोजायचे. ९८ टक्के वा अधिक मेले तर वाण संवेदनशील, ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार निश्चित. खोलीचे तापमान २७ अंशांच्या आसपास आणि हवेत दमटपणा भरपूर हवा. यात ढिलाई झाली तर कोऱ्या कागदावरचेही डास मरतात आणि सगळा दिवसाचा निकाल बाद करावा लागतो. चाचणीची शिस्त पाळली नाही, तर जनुकशास्त्र कितीही सूक्ष्म असले तरी त्याचा काही उपयोग नाही.

रानवाट

ओवीताई, लेख दोनदा वाचला. मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. उमेदीचा बहुतेक काळ विदर्भातल्या जंगलपट्ट्यात फवारणी पथकांसोबत गेला. आम्हांला प्रशिक्षणात सांगितले जायचे की राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला तेव्हा देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. साठीच्या दशकात रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. आणि १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. त्या उसळीची कारणे अनेक होती. पैसा आटला, माणसे कमी पडली, डीडीटीचा पुरवठा वेळेवर झाला नाही. पण डास डीडीटीला जुमानेनासे झाले होते हेही त्यातले एक कारण होते.

माझा प्रश्न प्रत्यक्ष कामातून आलेला आहे. स्टिरप पंपाने भिंत नीट फवारलेली असायची, तिच्यावर पांढरा थर दिसायचा, आणि पहाटे टॉर्च घेऊन पाहणी केली तर त्याच भिंतीवर अॅनॉफिलीस क्युलिसिफेसिस, म्हणजे आपल्याकडचे हिवतापाचे डास, निवांत बसलेले असायचे. गावकऱ्यांचे म्हणणे ‘औषध पातळ केले’. पथकाचे म्हणणे ‘डासच बदलले’. शिवाय सणाच्या आधी बायाबापड्या शेणामातीने भिंती सारवून घेत, त्यामुळे थर आत गाडला जाई. त्यांना दोष देता येत नाही, कारण घर सारवणे हे त्यांच्या जगण्याचा भाग आहे. या तिन्ही कारणांमधले नेमके कोणते, हे ठरवण्याचा मार्ग काय?

ओवी

रानवाटकाका, हा प्रश्न आपण विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण त्याला नेमके उत्तर आहे. भिंतीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा शंकू चिकटवायचा आणि त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले, हमखास मरणारे डास अर्धा तास ठेवायचे. ते मेले तर थर चांगला आहे. न मेले तर फवारणी कमी पडली आहे किंवा थर सारवणाखाली गेला आहे. त्याच वेळी गावातले डास नळकांड्यात प्रमाणित कागदावर ठेवायचे. थर चांगला आणि गावातले डास तरीही जिवंत, असे आढळले तर दोष डासाच्या जनुकात. या दोन चाचण्या एकत्र केल्या नाहीत तर पथकावर विनाकारण ठपका येतो, किंवा उलट, कामचुकारपणा ‘प्रतिकार’ या शब्दाआड लपतो. माझ्या पाहण्यात दोन्ही प्रकार आहेत. संवेदनशील वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध ठेवणे हे कंटाळवाणे आणि दुर्लक्षित काम असते, पण आपल्या पथकाला न्याय मिळवून देणारे तेच असते.

कापूसपट्टा

मी जालना जिल्ह्यातला शेतकरी. दोन मुद्दे मांडतो.

पहिला असा की आम्ही कपाशीवर जे फवारतो त्यात सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन असते, म्हणजे आपण म्हणता त्याच कुळातले. कालव्याच्या कडेला आणि शेताच्या चरात डासांच्या अळ्या असतातच. मग डासांचा प्रतिकार आरोग्य खात्याच्या फवारणीने वाढतो की आमच्या?

दुसरा मुद्दा बीटी कापसाचा. २००२ मध्ये बीटी आली तेव्हा आम्हांला सांगण्यात आले की कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावा. बहुतेकांनी त्या लावल्या नाहीत, कारण एकरभर रानात ती जागा परवडत नव्हती. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचे नुकसान सोसले. जनुकबदलाचे तंत्रज्ञान आणि कीटकाचा प्रतिकार यांचा संबंध आम्ही बोंड फोडून पाहिलेला आहे. त्याच सुमारास, जानेवारी २०१७ मध्ये, आमच्याच जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातल्या दावलवाडीला जनुकबदल केलेल्या एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. ब्रिटनची ऑक्सिटेक आणि इथली गंगाबिशन भिकुलाल इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग यांचा तो प्रकल्प. तेव्हा गावोगाव निरनिराळ्या वावड्या उठल्या, पण त्या डासांचे आणि कीटकनाशकाचे नाते काय, हे कुणी समजावून सांगितले नाही.

ओवी

कापूसपट्टा दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर : दोन्हींमुळे. शेतातले कीटकनाशक पाण्यात उतरते आणि अळीच्या अवस्थेतच निवड सुरू होते. घरातल्या फवारणीने तीच निवड प्रौढ मादीवर पुन्हा होते. क्युलिसिफेसिस हा शेतीच्या पाण्यातही वाढणारा डास असल्याने त्याच्यावर हा दुहेरी दाब पडतो. शहरातल्या एडिसचे तसे नाही. तो आपल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत आणि टायरमध्ये वाढतो आणि त्याच्यावर दाब पडतो तो धूर फवारणीचा, अबेट या अळीनाशकाचा आणि घरोघरच्या लिक्विडचा.

दुसरा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण बिगर-बीटी ओळींमागचे तत्त्व इथे थेट लागू पडते. त्या ओळींत विषाला बळी पडणारे पतंग जगावेत आणि त्यांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होऊन प्रतिकार विरळ होत राहावा, हा हेतू होता. दावलवाडीत ठेवलेला ओएक्स५१३ए हा वाण पाहा. त्याच्या नरांच्या संततीला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळाले नाही तर ती बहुतेक अळी-कोषातच मरते. प्रयोगशाळेत तीन-चार टक्के वाचते. चावते ती मादी, म्हणून फक्त नर सोडायचे. नंतरच्या ओएक्स५०३४ या वाणात केवळ मादी-संतती मरते आणि नर-संतती जगून पुढच्या पिढीशी मीलन करते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा कीज इथे सोडला तो हा वाण. आता हे नर जर कीटकनाशकाला सहज बळी पडणाऱ्या वाणातून घडवले असतील, तर त्यांच्या जगलेल्या संततीबरोबर ती संवेदनशील जनुकेही गावच्या डासांत मिसळतात. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगावर ऑक्सिटेकच्या संशोधकांनी अशाच नरांचे प्रयोग पिंजऱ्यांत केले, आणि बीटीचा प्रतिकार खरोखरच मंदावलेला आढळला. बिगर-बीटी ओळी शेतकऱ्याला जागा सोडायला लावतात. इथे तेच काम सोडलेले नर करतात.

दावलवाडीबद्दल एवढेच सांगते की त्या टप्प्याचे काम पिंजऱ्यापुरते होते. नर-वाण स्थानिक मादीला पसंत पडतो का, हा त्या टप्प्यावरचा कळीचा प्रश्न असतो. समजावून सांगण्याचे काम झाले नाही, ही आपली तक्रार मला रास्त वाटते.

सप्तर्षी

मी या विषयाचा अभ्यासक नाही, पण सार्वजनिक धोरणाच्या अंगाने त्याचा पाठपुरावा करतो. ओवीताईंनी प्रयोगशाळेतले काम आणि बाहेर सोडणे यांत जी रेष आखली आहे, ती मला पूर्णपणे मान्य नाही. प्रयोगशाळेतले ज्ञान कधी ना कधी बाहेर पडतेच, आणि तेव्हा विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

भारतालाच याचा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे संशोधन केंद्र चालवले होते. सोनीपत इथे वंध्य एडिस सोडण्याची तयारी झाली होती. अमेरिकी पैसा, पीतज्वर वाहून नेणारी डासांची जात आणि जैविक युद्धाची शंका यांमुळे वृत्तपत्रांत वादळ उठले, संसदेच्या लोकलेखा समितीने अहवाल दिला आणि १९७५ मध्ये ते केंद्र बंद पडले. त्या डासांत आजच्या अर्थाने जनुकबदल नव्हता, तरीही लोकांना विश्वासात न घेतल्याची किंमत सगळ्या क्षेत्राने चुकवली. अलीकडचे उदाहरण बुर्किना फासोचे. तिथल्या बाना गावात जुलै २०१९ मध्ये वंध्य नर सोडण्यापूर्वी गावकऱ्यांशी वर्षानुवर्षे संवाद झाला होता, आणि तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने सगळा प्रकल्प थांबवला. म्हणजे गावाची संमती आणि राज्यकर्त्यांची संमती या दोन निराळ्या गोष्टी ठरल्या.

शिवाय ब्राझीलच्या जाकोबिना शहरातला वाद आहेच. तिथे सुमारे २७ महिने दर आठवड्याला साडेचार लाखांच्या आसपास नर सोडले गेले. सोडलेल्या वाणाची जनुके स्थानिक डासांत शिरल्याचे २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने दाखवले. मग ‘संतती मरते’ या शब्दावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?

ओवी

सप्तर्षी, सोनीपतचा दाखला आपण दिलात हे चांगले केले. कीटकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो प्रसंग अभ्यासायला हवा असे मला वाटते. तिथे वादात सापडलेले विज्ञान फारसे चुकीचे नव्हते, चुकली ती लोकांशी वागण्याची रीत. गावाच्या आणि सरकारच्या संमतीतला फरकही मला मान्य आहे.

जाकोबिनाबाबत मात्र थोडे खोलात जायला हवे. तीन-चार टक्के संतती जगते हे आधीच माहीत होते, तेव्हा काही जनुके मिसळणार हे अपेक्षितच होते. त्या शोधनिबंधातली मोजणी वाणाच्या मूळ पार्श्वभूमीची, म्हणजे क्युबा आणि मेक्सिकोच्या डासांकडून आलेल्या जनुकांची होती. मारक जनुक टिकून राहिल्याचे त्यात दाखवलेले नव्हते. त्या मिश्रणाने डास अधिक कणखर झाले असावेत, हा निष्कर्ष मांडणीत पुढे रेटलेला होता, आणि २०२० मध्ये नियतकालिकाने त्या निबंधावर संपादकीय चिंता नोंदवली. पण माझ्या दृष्टीने खरा धडा वेगळाच आहे. सोडल्या जाणाऱ्या वाणाची पार्श्वभूमी हीच धोरणाची बाब आहे, आणि तिच्यातला कीटकनाशक-प्रतिकार सोडण्यापूर्वी मोजलाच पाहिजे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जनुकबदलातून नव्हे, तर डासात राहून डेंग्यूचा विषाणू रोखणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूच्या प्रयोगातून मिळाला. रिओ दि जानेरोमधल्या तुबियाकांगा इथे वोल्बाकिया असलेले एडिस सोडले. सोडणे चालू होते तोवर त्यांचे प्रमाण वाढले, थांबवताच ते घसरले. कारण शोधले तेव्हा आढळले की स्थानिक डास पायरेथ्रॉइडला सरावलेले होते आणि सोडलेले डास नव्हते. लोक घरात जे फवारत होते त्याने सोडलेलेच मरत होते. मग स्थानिक डासांशी पुन्हा पुन्हा संकर करून वोल्बाकियाचा वाण त्यांच्याइतकाच प्रतिकारक करण्यात आला, आणि दुसऱ्या वेळी तो टिकला. यातला नैतिक पेच सोपा नाही. संवेदनशील डास सोडले तर प्रतिकार विरळ होतो, पण ते जगत नाहीत. प्रतिकारक सोडले तर ते जगतात, पण प्रतिकाराची जनुके आपणच वाढवतो. नर चावत नाहीत आणि संतती मरते, तिथे पहिली निवड योग्य वाटते. वोल्बाकियासारख्या, लोकसंख्येत कायम राहायच्या योजनेत दुसरीला पर्याय राहत नाही. हे ठरवण्याचा अधिकार फक्त प्रयोगशाळेला असू नये, एवढे मी आपल्याशी सहमत आहे.

वाळवंटी_पाऊस

बेंगळुरूहून लिहितो आहे. आनुवंशिकीचा विद्यार्थी आहे. या धाग्यात एका प्रयोगाची भर घालावीशी वाटते. प्रतिकार विरळ करण्यापेक्षा तो उलटवता येईल का, असा प्रश्न घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या ईथन बायर यांच्या गटाने काम केले. २०२२ च्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका भाग्यश्री कडूसकर आहेत. त्यांनी फळमाशीत केडीआरचे बदल घडवले आणि मग क्रिस्परला असे लक्ष्य दिले की ते फक्त प्रतिकारक प्रत कापेल आणि तिची दुरुस्ती शेजारच्या संवेदनशील प्रतीवरून होईल. पिंजऱ्यातल्या माश्यांत सुमारे दहा पिढ्यांत प्रतिकारक प्रतीचे प्रमाण खूप खाली आले. या गटाने २०२४ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले : दुरुस्ती करणारा जनुकसंच त्याच्या धारकाला इतका महाग पडावा, की काम झाल्यावर तो आठ-दहा पिढ्यांत स्वतःच नाहीसा व्हावा आणि मागे फक्त साधी, संवेदनशील प्रत उरावी. सप्तर्षींच्या शंकेला हे काही प्रमाणात उत्तर होऊ शकते, असे मला वाटते.

ओवी

ही भर फार चांगली घातलीत. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण तीत डास संपवायचे नाहीत आणि नवे काही कायमचे पेरायचेही नाही. मूळची प्रत परत आणायची आहे. तरीही दोन मर्यादा ठळकपणे सांगितल्या पाहिजेत. एक, हे काम फळमाशीत झाले आहे. डासांची पैदास, त्यांचे मीलन आणि खेड्यातली त्यांची विखुरलेली वस्ती यांचे गणित निराळे आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. केडीआर हा एका अक्षराचा बदल असल्याने तो उलटवता येतो. पी-४५० विकरांमुळे येणारा प्रतिकार अनेक जनुकांत, त्यांच्या प्रतींच्या संख्येत आणि त्यांच्या नियंत्रणात पसरलेला असतो, आणि तिथे कोणते एक अक्षर दुरुस्त करायचे, हा प्रश्नच लागू होत नाही. आफ्रिकेतल्या अॅनॉफिलीस फ्युनेस्टस या हिवतापाच्या डासाचा प्रतिकार मुख्यतः याच प्रकारचा आहे. शिवाय केडीआर उलटवून झाल्यावरही त्याच द्रव्याची फवारणी चालू ठेवली, तर निवडीचा दाब तोच राहतो आणि बदल पुन्हा उगवतो.

रानवाट

ताई, आणखी एकच विचारतो. हे सर्व गॅम्बीवर, फळमाशीवर, एडिसवर चालले आहे. गडचिरोलीत आजही पावसाळ्यात हिवतापाने माणसे दगावतात, आणि तिथे डास आहेत ते क्युलिसिफेसिस आणि फ्लुव्हिएटिलिस. या संशोधनातून तिथल्या आशाताईच्या हाती काय पडते?

ओवी

काका, तिच्या हाती पडते ती मच्छरदाणी, आणि त्या मच्छरदाणीला कोणते द्रव्य लावायचे हा निर्णय या संशोधनावर उभा राहतो. पी-४५० मुळे पायरेथ्रॉइड फुटते, हे निश्चित झाल्यावर दोन वाटा दिसतात. पहिली, मच्छरदाणीत पायपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळून ती विकरेच दाबून टाकायची. दुसरी, क्लोरफेनापायरसारखे द्रव्य वापरायचे, जे मुळात निष्क्रिय असते आणि डासाच्याच पी-४५० विकरांमुळे घातक होते. टांझानियातल्या मिसुंग्वी जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीत क्लोरफेनापायर आणि पायरेथ्रॉइड यांच्या जोडीच्या मच्छरदाण्यांनी, केवळ पायरेथ्रॉइडच्या मच्छरदाण्यांच्या तुलनेत, दोन वर्षांत मुलांमधला हिवताप ४४ टक्क्यांनी कमी केला. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मच्छरदाण्यांची शिफारस केली. विकर दाबणे आणि विकराकडून काम करून घेणे या दोन परस्परविरोधी वाटा आहेत, म्हणून एका घरात पहिल्या प्रकारची मच्छरदाणी आणि भिंतीवर मॅलॅथिऑन असे मिश्रण करण्यापूर्वी विचार करावा लागतो : पायपेरोनिल ब्युटॉक्साइडने विकर दाबले, तर मॅलॅथिऑनही घातक होत नाही. जिल्ह्याचे फवारणीचे नियोजन करणाऱ्याला हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

क्युलिसिफेसिसबद्दलची आपली तक्रार मात्र अगदी खरी आहे. या नावाखाली दिसायला सारख्या पाच जाती आहेत, त्यांची हिवताप पसरवण्याची क्षमता सारखी नाही, आणि त्यांच्यावर एकेका जनुकाचे असे प्रयोग गॅम्बीच्या तुलनेत नगण्य झाले आहेत. जनुक बदलायचे तर अंडी घातल्यावर ती काळी आणि टणक होण्याआधीच्या तास-दीड तासात सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने मांडून प्रत्येकाच्या टोकाशी सुई घालावी लागते. त्यासाठी त्या जातीची भरवशाची पैदास प्रयोगशाळेत असावी लागते. क्युलिसिफेसिसची पैदास अवघड, म्हणून प्रयोग कमी, म्हणून निधी कमी. गॅम्बीतले निष्कर्ष आपल्या डासाला जसेच्या तसे लागू आहेत असे गृहीत धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

तोवर करता येण्यासारखे काम खर्चिक नाही. प्रत्येक हिवतापग्रस्त तालुक्यातून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर माद्या पकडून नळकांड्याच्या चाचण्या करायच्या, त्याच डासांच्या पायातून केडीआरची तपासणी करायची, आणि पायपेरोनिल ब्युटॉक्साइड आधी देऊन मरण्याचे प्रमाण वाढते का ते पाहायचे. वाढले, तर पी-४५० कामावर आहे हे तिथेच कळते. क्लोरफेनापायर सावकाश मारते, त्यामुळे त्याची चाचणी बाटलीत घ्यावी लागते आणि मोजणी २४ तासांवर न थांबवता ७२ तासांपर्यंत न्यावी लागते. हे माहीत नसल्याने चांगले द्रव्य निकामी ठरवले जाऊ शकते. आपल्यासारख्या अनुभवी लोकांनी नव्या आरोग्य सेवकांना पहाटेच्या टॉर्चच्या पाहणीत माद्या जिवंत कशा पकडाव्यात हे शिकवले, तर प्रयोगशाळेला लागणारा कच्चा माल तरी खात्रीचा मिळेल. अळ्या गोळा करण्याविषयी कुणाला विचारायचे असेल तर याच धाग्यावर विचारावे, उत्तर देईन.